हसणारा वर्ग, थांबवणारा वर्ग

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘शेजार’ हा विषय दिला. वाडे, चाळी, सोसायट्या, बांधाला बांध असलेली शेतं असं बरंच काही डोळ्यांपुढे आलं. पण मनात ठाण मांडून बसला तो शाळेतल्या बाकावरचा शेजार. तो कुणी निवडत नाही. उंचीप्रमाणे, हजेरीच्या क्रमाने किंवा बाईंच्या मर्जीने तो ठरतो आणि वर्षभर सोबत राहतो. तो चांगला मिळाला तर गणित नावडतं असूनही मूल शाळेत धावत जातं. वाईट मिळाला तर सकाळी दप्तर भरतानाच त्याच्या पोटात दुखायला लागतं.

नाव पाडणं, डबा पळवणं, स्वच्छतागृहाच्या दाराशी अडवणं, खेळात न घेणं, सगळ्यांनी मिळून बोलणं बंद करणं. हे सगळं आपल्या शाळांत रोज चालतं आणि ‘मुलंच ती, मस्ती करणारच’ म्हणून मिटवलं जातं. हे थांबवण्यासाठी जिथे मुलांनाच सोबत घेतलं जातंय, ते काम जवळून पाहायचं असं मी ठरवलं.

खिचडीच्या रांगेत

सातारा जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यातली एक जिल्हा परिषद शाळा. दिवाळीनंतर कारखान्यांचा हंगाम रंगात आला की मराठवाड्यातून आलेल्या तोडणी मजुरांची मुलं वर्षाच्या मध्येच इथल्या वर्गांत दाखल होतात. त्यांची घरं म्हणजे शेताकडेला उभारलेल्या पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या. त्यांची बोली वेगळी, हेल वेगळा, अंगावरचे कपडे वेगळे. पुस्तकातला धडाही त्यांच्या गावी शिकवला होता तिथून पुढे गेलेला.

मधल्या सुट्टीत पोषण आहाराची रांग लागली होती. सहावीतला एक नवा मुलगा ताटली घेऊन उभा होता. मागून आलेल्या थोराड मुलाने त्याला खांद्याने बाजूला सारलं आणि म्हणाला, ‘‘ए कोपी, मागं हो.’’ रांगेतली सात-आठ पोरं खदखदून हसली. नव्या मुलाने मान खाली घातली आणि खरंच मागे सरकायला लागला. तेवढ्यात सातवीच्या रांगेतली एक मुलगी पुढे आली. भांडली नाही, ओरडली नाही. त्या मुलाच्या कोपराला धरून म्हणाली, ‘‘चल, आमच्या रांगेत ये. तू काल कबड्डीला आमच्याकडून होतास ना?’’ तिच्या मागच्या दोघींनी सरकून जागा केली. हसू तिथेच विरलं. थोराड मुलगा क्षणभर इकडेतिकडे बघत राहिला आणि मग गुमान वाढपी ताईंपुढे ताटली धरून उभा राहिला.

वाढपी ताईंना हे दिसलंही नसेल, इतक्या पटकन ते संपलं. ती मुलगी पुढे आली त्यामागे मात्र सबंध वर्षाचं काम होतं. वर्गशिक्षक गुरुजी म्हणाले, ‘‘आधी मी दांडगाई करणाऱ्यालाच पकडायचो. उभं करायचो, वडलांना बोलवायचो. तो इथं गप्प बसायचा आणि दुसऱ्याला वाटेत ओढ्यापाशी गाठायचा. मग माझ्या लक्षात आलं, मी दोघांशीच बोलतोय. बाकीचे छत्तीस जण सगळं बघत असतात. त्यांच्याशी मी बोलतच नव्हतो.’’

बघणाऱ्यांचं बळ

गुरुजींना अनुभवातून जे उमगलं, त्याचा माग संशोधकांनी बरीच वर्षं काढला आहे. कॅनडात डेब्रा पेपलर, वेंडी क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून आणि मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन अडकवून मधल्या सुट्टीतले छळाचे प्रसंग टिपले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती. त्यांच्यापैकी कुणी मध्ये पडलं असे प्रसंग मात्र पाचातला एकही भरला नाही. जिथे कुणी मध्ये पडलं, तिथे निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद हा काळ मोठ्यांच्या हाती येण्यासारखा नाही. बाई स्टाफरूममधून मैदानापर्यंत यायलाच दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात प्रसंग उरकलेला असतो, साक्षीदार पांगलेले असतात आणि ज्याला त्रास झाला तो ‘काही नाही बाई’ म्हणून मोकळा होतो.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ साली या बघणाऱ्यांमध्येही प्रकार असल्याचं दाखवून दिलं. काही जण दांडगाई करणाऱ्याला हातभार लावतात. पकडून ठेवतात, वाट अडवतात. काही नुसते हसतात, हुर्यो देतात. काही बाजूला होतात आणि आपला त्याच्याशी संबंध नाही असं दाखवतात. थोडे जण मात्र त्रास होणाऱ्याची बाजू घेतात. दांडगाई करणाऱ्याला वर्गात वजन हवं असतं आणि ते वजन त्याला हसणारे देतात. हसणारे कमी झाले की दांडगाईतून मिळणारी किंमतच घटते. या अभ्यासातून उभा राहिलेला ‘किवा’ हा कार्यक्रम आज बऱ्याच देशांत पोहोचला आहे. फिनलंडच्या शिक्षण मंत्रालयाने त्याला पैसा पुरवला, आधी शेकडो शाळांत त्याची काटेकोर चाचणी झाली आणि २००९ पासून तो देशभर सुरू झाला.

या कार्यक्रमात वर्षभर ठरावीक तास घेतले जातात. त्यांत चर्चा, नाटुकली आणि संगणकावरचे खेळ असतात. मधल्या सुट्टीत देखरेख करणारे शिक्षक लांबूनही दिसतील अशी जाकिटं घालतात. प्रत्येक शाळेत तीन मोठ्यांचं पथक असतं. तक्रार आली की हे पथक आधी त्रास झालेल्या मुलाशी आणि मग त्रास देणाऱ्यांशी एकेकट्याने बोलतं. त्याच वेळी वर्गशिक्षक वर्गातली दोन ते चार मुलं निवडतात. मनाने चांगली आणि वर्गात ज्यांच्या शब्दाला मान आहे, अशी. आता या मुलाला तुमची सोबत हवी आहे, एवढंच त्यांना सांगितलं जातं. ती मुलं पहारा देत नाहीत. ती त्याला खेळायला बोलावतात, डब्याला शेजारी बसवतात. साताऱ्यातल्या त्या मुलीने फिनलंडचं नावही ऐकलेलं नसेल. रांगेत तिने केलं ते हेच.

महापालिकेच्या शाळेतला तास

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या महापालिकेच्या एका शाळेत सातवीच्या वर्गावर असा तास पाहायला मिळाला. मुंबईत या कामाला थोडी पूर्वपीठिका आहे. २००८ च्या सुमारास ‘कोरो’, टाटा समाजविज्ञान संस्था आणि ‘आयसीआरडब्ल्यू’ या संस्थांनी महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर समतेचा आणि हिंसेचा विषय घेऊन काम केलं होतं. मुलगा असणं म्हणजे काय, मुलगी असणं म्हणजे काय, राग आला की काय करायचं, मारलं म्हणजे आपण मोठे होतो का, अशा प्रश्नांवर वर्गातच बोलणं सुरू झालं.

त्या दिवशी वर्गावर आलेल्या ताईंनी भाषण केलं नाही. बिननावाच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि सांगितलं, ‘‘गेल्या महिन्यात वर्गात कुणाला त्रास होताना तुम्ही पाहिलं असेल, तर तेव्हा तुम्ही काय केलंत ते लिहा. काहीच केलं नसेल तर तेही लिहा.’’ चिठ्ठ्या गोळा करून त्यांनी मोठ्याने वाचल्या. ‘मी हसलो.’ ‘मला वाईट वाटलं पण मी गप्प बसले.’ ‘मी बोललो असतो तर मला पण चिडवलं असतं.’ ‘मी नंतर तिला पेन दिलं.’ आठ-दहा चिठ्ठ्या झाल्यावर वर्गातली कुजबुज थांबली. आपल्याला एकट्यालाच ते आवडत नव्हतं असं जो तो समजत होता. आता कळलं की पुष्कळांना आवडत नव्हतं.

मला वाटतं, साऱ्या कामाचा पाया इथे आहे. प्रत्येक मूल दुसऱ्याच्या हसण्याकडे बघून हसतं. बाकीच्यांना मजा येतेय असं धरून चालतं. ती समजूत चुकीची आहे हे सगळ्यांसमोर, कुणाचंही नाव न घेता उघड झालं की पुढच्या वेळी गप्प राहणं थोडं जड जातं आणि बोलणं थोडं सोपं होतं.

पुढचा अर्धा तास सराव चालला. मध्ये पडणं म्हणजे भांडणात उडी घेणं नव्हे, हे ताईंनी मुलांकडूनच काढून घेतलं. फळ्यावर चार गोष्टी आल्या. हसायचं नाही. त्याला हाक मारून तिथून बाहेर काढायचं. तेवढं धैर्य झालं नाही तर नंतर जाऊन विचारपूस करायची. आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. मग जोड्या पाडून मुलांनी हे करून पाहिलं. ‘‘अरे, चल ना, बॅट आणायचीय,’’ हे साधं वाक्य एका मुलाने चार वेळा म्हटलं. पहिल्या वेळी त्याचा आवाज फुटत नव्हता. चौथ्या वेळी सहज निघाला. ऐन वेळी वाक्य सुचत नाही म्हणून मुलं गप्प राहतात, असं ताईंचं निरीक्षण आहे. म्हणूनच ते आधी तोंडात बसवावं लागतं.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, ‘‘बाईंना सांगितलं तर चुगलखोर म्हणतात. मग?’’ ताई म्हणाल्या, ‘‘तू सांगितल्याने कुणाची तरी सुटका होणार असेल तर तू मदत केलीस.’’ मुलगी विचार करत खाली बसली. तिचं समाधान झालं की नाही ते सांगता येणार नाही, कारण उत्तराचा दुसरा अर्धा भाग बाईंच्या हातात होता. सांगितल्यावर बाईंनी भर वर्गात ‘कोण म्हणालं?’ असं विचारलं, तर ती मुलगी पुन्हा कधी सांगणार नाही.

नालंदाच्या शाळांमधून

नुसत्या धड्याने काय होतं आणि कशाने जास्त होतं, याचा भारतातला पुरावा बिहारमधून आला आणि तो गोळा करणारी संस्था गोव्याची आहे. ‘संगत’ या संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम राबवून पाहिला. नववीची मुलं. शाळांचे तीन गट केले. किशोरवयीनांसाठीचा सरकारचा जीवनकौशल्यांचा अभ्यासक्रम तिन्ही गटांत होताच. एका गटात तेवढाच ठेवला. दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला शाळेतल्याच एका शिक्षकाकडे सेहरचं काम दिलं. तिसऱ्या गटात हेच काम प्रशिक्षण दिलेल्या एका साध्या माणसाकडे सोपवलं. हे लोक डॉक्टर नव्हते, मानसोपचारतज्ज्ञही नव्हते. त्यांना ‘सेहर मित्र’ म्हणत.

काम तीन पातळ्यांवर चाले. सगळ्या शाळेसाठी भित्तिपत्रिका, स्पर्धा, मनातलं लिहून टाकायची पेटी आणि शिक्षक-विद्यार्थ्यांची समिती. वर्गांसाठी विद्यार्थ्यांचे गट; आपल्या शाळेत काय खुपतं ते त्यांनीच शोधायचं आणि त्यावर काय करायचं तेही ठरवायचं. आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी एकट्याने बोलणं.

२०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल प्रसिद्ध झाले. जिथे सेहर मित्र होते त्या शाळांचं वातावरण सुधारलं, मुलांमधला छळ आणि हिंसा कमी झाली, उदासपणाची लक्षणं घटली. दुसऱ्या वर्षी फरक आणखी वाढला. जिथे हेच काम शिक्षकांकडे होतं, तिथे मात्र फारसा फरक पडला नाही.

हा निकाल वाचून शिक्षकांना बोल लावणं अन्यायाचं होईल. आपल्याकडच्या शिक्षकाला जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं सांभाळून शिकवायचं असतं. शिवाय जो गुण देतो आणि शिक्षा करतो, त्याच्यापाशी मूल मन मोकळं करायला कचरतं. नालंदातून शिकायचं ते असं: हे पूर्ण वेळेचं काम आहे आणि त्यासाठी माणूस लागतो. मुलांचे गट उभे राहतात, पण त्यांच्या पाठीशी रोज भेटणारं, न रागावणारं, ऐकून घेणारं कुणीतरी असावं लागतं.

पुढे कुणाला करायचं?

आपल्या शाळांत मुलांना जबाबदारी द्यायची म्हटलं की मॉनिटर किंवा शालेय मंत्रिमंडळ आठवतं. मॉनिटर बहुधा हुशार, शिस्तीचा, बाईंचा लाडका. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं हे त्याचं मुख्य काम. दांडगाई थांबवायची कामगिरी त्याच्याकडे गेली तर तो छोटा पोलीस होतो आणि वर्ग त्याच्यापासून लपवायला शिकतो.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात २०१२-१३ या वर्षी ५६ शाळांत बेट्सी लेव्ही पॅलक आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी शाळेतल्या प्रत्येक मुलाला विचारलं, तू कुणाबरोबर वेळ घालवतोस? त्या उत्तरांतून सगळ्या शाळेचं ओळखीपाळखीचं जाळं कागदावर आलं. मग निम्म्या शाळांत थोड्या मुलांचा एकेक गट चिठ्ठ्या टाकतात तसा निवडला. त्यांत अभ्यासू होते, वात्रट होते, अबोलही होते. शाळेत काय खटकतं ते या मुलांनी ठरवलं, फलक रंगवले आणि कुणी चांगलं वागताना दिसलं तर त्याला केशरी रंगाचा मनगटपट्टा दिला. त्या शाळांतल्या भांडणांच्या नोंदी सुमारे पाव हिश्श्याने कमी झाल्या. ज्या शाळांच्या गटात सगळ्यांशी जोडलेली मुलं जास्त होती, तिथे परिणामही जास्त दिसला. यांतली काही मुलं मोठ्यांनी स्वतःहून कधीच निवडली नसती.

हे करायला संगणक लागत नाही. साताऱ्याचे गुरुजी सहलीच्या आधी मुलांना कागदावर तीन नावं लिहायला सांगतात: एसटीत तुला कुणाशेजारी बसायला आवडेल? कागद ते स्वतःपाशी ठेवतात, कुणाला दाखवत नाहीत. सगळ्यांत जास्त वेळा आलेली पाच-सहा नावं म्हणजे वर्ग ज्यांच्याकडे बघतो ती मुलं. आणि ज्यांचं नाव एकाही कागदावर आलं नाही, ती मुलं कुठे बसतात, कुणाबरोबर डबा खातात, हे गुरुजी दुसऱ्या दिवसापासून पाहायला लागतात. खिचडीच्या रांगेतल्या मुलीचं नाव बऱ्याच कागदांवर होतं. तिला वर्गात नंबर नाही. कबड्डीत मात्र तिची टीम सगळ्यांना हवी असते.

मुलांच्या खांद्यावर किती?

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. केंब्रिजच्या मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी जगभरच्या अशा कार्यक्रमांचा आढावा २०११ साली मांडला. एकूण कार्यक्रमांनी छळ करण्याचं प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याने घटतं, असं त्यात दिसलं. ज्या कार्यक्रमांत विद्यार्थ्यांनाच मध्यस्थ किंवा समुपदेशक केलं होतं, तिथे मात्र काही वेळा त्रास होणाऱ्या मुलांचं प्रमाण वाढलेलं आढळलं.

असं का व्हावं, हे वर्गात बसलं की कळतं. दोन मुलांचं समान पातळीवरचं भांडण असेल तर तिसरं मूल ते मिटवू शकतं. छळात मात्र दोघांची ताकद सारखी नसते. तिथे ‘दोघांनी हात मिळवा’ म्हणणं म्हणजे मार खाणाऱ्याला पुन्हा मारणाऱ्याच्या हाती देणं. मध्ये पडणाऱ्या मुलावर उद्या राग निघणार असेल आणि त्याला वाचवायला मोठं माणूस नसेल, तर आपण त्या मुलाचा बळी दिला असं होईल. म्हणून मुलांकडून मागायची ती सोबत. चौकशी, निर्णय आणि संरक्षण ही कामं मोठ्यांची. जात, धर्म, रंग, अपंगत्व किंवा मुलगी असणं यावरून होणारा अपमान असेल, कुणी शरीराला हात लावला असेल, पैसे उकळले असतील किंवा फोटो फिरवले असतील, तर ते प्रकरण मुलांच्या गटाकडे ठेवूच नये.

कागदावर आपल्याकडे पुष्कळ आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा द्यायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला मनाई करतं. सीबीएसईने २०१५ साली शाळांना छळविरोधी समित्या नेमायला सांगितलं आणि त्यांत विद्यार्थी प्रतिनिधींनाही जागा दिली. महाराष्ट्र सरकारने २०२२ साली शाळांत सखी सावित्री समित्या स्थापन करायचा निर्णय काढला. तक्रारपेट्या भिंतींवर लागल्या. मी पाहिलेल्या एका शाळेत ती पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला आठवत नव्हतं. दुसऱ्या शाळेत ती पाण्याच्या टाकीमागे, जिथे मुलं एकटी जाऊ शकतात अशी टांगली होती. दर शनिवारी दोन शिक्षिका ती उघडत आणि सोमवारच्या परिपाठात, कुणाचंही नाव न घेता, काय केलं ते सांगत. पहिल्या पेटीत धूळ होती. दुसऱ्या पेटीत चिठ्ठ्या होत्या.

शाळा सुटल्यावर

आता मधली सुट्टी संध्याकाळीही चालू राहते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाच्या तरी फोटोचं स्टिकर होतं, पाठोपाठ तीस जण हसण्याच्या इमोजी टाकतात. खिचडीच्या रांगेत हसणारे सात-आठ होते, इथे वर्ग सबंध आहे आणि हसू पुसलं जात नाही. उपाय मात्र तोच. मुंबईच्या त्या वर्गातल्या मुलांनी स्वतः ठरवलेल्या नियमांपैकी एक असा: ग्रुपवर कुणाची टिंगल आली तर इमोजी टाकायची नाही, पुढे पाठवायचं नाही आणि ज्याची टिंगल झाली त्याला त्याच रात्री वेगळा मेसेज करायचा. ‘तू ठीक आहेस ना?’ एवढाच.

युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातल्या जवळजवळ तीनपैकी एका विद्यार्थ्याला महिनाभरात एकदा तरी शाळासोबत्यांकडून असा त्रास झालेला असतो. म्हणजे हा अंक ज्या घरात वाचला जाईल तिथे, किंवा त्याच्या शेजारच्या घरात, असं एक मूल असण्याची दाट शक्यता आहे. शाळेत जायचं टाळणं, वस्तू वारंवार हरवणं, रविवारी संध्याकाळी गप्प होणं ही लक्षणं हलक्यात घेऊ नका. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झालेली १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आज देशभर विनामूल्य चालते. तो नंबर मुलांना पाठ असू द्या.

आणि एक विनंती सगळ्याच पालकांना. शाळेतून आलेल्या मुलाला आपण ‘तुला कुणी त्रास दिला का?’ असं विचारतो. त्याच्या जोडीला ‘आज वर्गात कुणाला त्रास झाला का, आणि तू तेव्हा काय केलंस?’ हेही विचारा. उत्तर ऐकून रागावू नका. पुढच्या वेळी काय करता येईल ते दोघं मिळून ठरवा. पुढच्या पालक सभेत गुणपत्रिका हातात घ्यायच्या आधी वर्गशिक्षकांना विचारा, आमच्या मुलांच्या वर्गात एकटं कोण पडलंय? त्या मुलासाठी वर्गाला तयार करणं हे शाळेचं काम आहे, आणि शाळेला त्यासाठी वेळ आणि माणूस मिळवून देणं हे आपलं.